खारट इस्कर

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, कामात कसली! सलून आत्ताच बंद केलं, खालचे केस झाडतेय… झाली. झाली ना नेवेनाची तोंडी परीक्षा… सांगते, सांगते… अगं ऐक ना! तूच बोलत राहिलीस तर मी सांगू कधी?

पास झाली… हो, पास! भूगोलात! सहापैकी पाच!… नाही, बाईंना काही दिलंबिलं नाही मी. देवाशप्पथ. त्सोनेवाबाई तशा नाहीतच… आणि तुझ्या वेळापत्रकामुळेही नाही. आता रागावू नकोस… अगं लावलं होतं ना! फ्रिजवर चिकटवलं होतं. पाठ ताठ, हाताची घडी, मोठ्याने वाचन, मग पुन्हा वाचन. सगळं केलं. तुझा मेतोदी एकदा वाचतो आणि त्याच्या डोक्यात छापलं जातं, मान्य. माझी कार्टी काय करायची? "इस्कर, वित, ओसम, यांत्रा" म्हणून घोकायची, आणि पुस्तक मिटलं की माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मीच नद्या चोरल्यात… हसू नकोस! डॅन्यूब आमच्या खिडकीतून दिसते ताई, आणि पोरीला ती नकाशात सापडेना!

ओरडले ना. बाप म्हणून ल्युबेनही ओरडला. म्हणाला, नापास झालीस तर सुट्टीत शाळेतच बसावं लागेल, आजीकडे जाणं बंद… तेच तर. शनिवारी मला विचारते, "आई, माझं डोकं गळकं आहे का गं?"… हो. अस्संच. रडली वगैरे नाही. नळ गळतोय का विचारावं, इतकं साधं विचारलं… म्हटलं, मरू दे तो भूगोल, चल, चीज भरून बानित्सा भाजू.

बानित्साच गं! पीठ आणि चीज सोडून होतं काय घरात?… अगं तीच तर गंमत आहे. पीठ मळून तिच्या पुढ्यात ठेवलं, म्हटलं, लाट. आणि मी वळले भांड्यांकडे. मागून आवाज येतो, "आई, ही बघ स्तारा प्लानिना." बघते तर टेबलभर पिठाची लांबच लांब डोंगररांग! खाली रिला पर्वत, त्याच्यावर चीज कुस्करून बर्फ. वरच्या कडेला दह्याची डॅन्यूब. आणि ही बया डोंगरात बोट खुपसून मला सांगते, "इस्कर इथून आरपार पोखरून जाते. बाकीच्या तिघी आळशी, पलीकडच्या उतारावरूनच निघतात."

…होतंच गं पुस्तकात! पान झिजलं होतं वाचून वाचून. पण हाताला कळलं तेव्हा कुठे तिच्या डोक्याला कळलं… मी? मी काही शिकवलं नाही. "पीठ वाया घालवू नकोस" एवढं एक वाक्य तोंडातल्या तोंडात ठेवलं. तेच जड गेलं मला.

मग काय, रोज तेच. ल्युबेन विचारतो, जेवायला काय? म्हटलं, रोडोपी पर्वत. बसला मुकाट्याने पर्वत खात.

आणि आज भर दुपारी शाळेतून फोन. त्सोनेवाबाई. "जरा लगेच येता का?" खुर्चीत कोस्तोवाकाकू, डोकंभर रंग लावलेला. तशाच सोडल्या आणि धावले… त्यांचं नंतर सांगते… बरं बाई, थोडे हिरवट झालेत केस. उन्हात नाही कळत.

तर वर्गात काय झालं… ऐक ना… हिला फळ्यापाशी उभं केलं. ही हाताची घडी घालून गप्प. मग हळूच म्हणते, "बाई, हात सोडू का?" बाई म्हणाल्या, सोड. तर हिने हवेतच पीठ लाटायला घेतलं!… मग! खिदळणारच पोरं. बाईंनी एका नजरेत सगळ्यांना गप्प केलं आणि बघत राहिल्या. हिने डोंगर ठेवला, बोट खुपसलं, एकेक नदी सोडली आणि डॅन्यूबपर्यंत नेऊन पोचवली. एकही चुकली नाही, ताई. एकही… थांब जरा… छे, रडत कशाला? केस उडालाय नाकात.

मग तो एक गुण गेला कुठे, हो ना? मीही तेच विचारलं. बाईंनी प्रश्न घातला, इस्कर नदीबद्दल आणखी काही सांग. ही म्हणाली, "आपल्या देशातली सगळ्यात खारट नदी."… अगं दही संपलं होतं! मीच म्हटलं होतं, चीजच्या बरणीतलं खारं पाणी ओत!… हास, हास. बाईसुद्धा सांगता सांगता डोळे पुसत होत्या. त्यासाठीच बोलावलं होतं, घरी नेमकं करता काय हे विचारायला. वर्गात आणखी काही पोरं आहेत म्हणे अशी, हात चालल्याशिवाय डोकं न चालणारी. सोमवारपासून त्यांना माती देणार आहेत.

काय?… मेतोदीला?… अगं नको! त्याचं वाचून चाललंय ना छान? मग वाचू दे की त्याला! उगाच त्या गरीब पोराच्या हातात लाटणं देशील…

आता? आता अपूर्णांक. मागच्या खोलीत बसलीय, माझी कात्री घेऊन गेली… कागदच कापत असेल… थांब, बघते. नेवेना! काय चाललंय गं?… अगं!…

…हां ताई. आहे ना, इथेच आहे… काही नाही. बरं, एक विचारू? तू लग्नात दिलेला तो लेसचा टेबलक्लॉथ… तसला मिळतो का गं बाजारात अजून?… हाताने विणलेला? तुझ्या सासूबाईंनी?… छे, छे, सहज आपलं. फार सुंदर होता… आहे! आहे म्हटलं मी!… नेवेना, तेवढा अष्टमांश राहू दे, हात लावू नकोस त्याला!… कुठे कोण? कोणी नाही… हॅलो? ताई, तुझा आवाज तुटतोय बघ… तुटतोय… काही ऐकूच येत नाहीये… ठेवते हं!