साहेबांचा घोडाचोर पूर्वज

फॅक्सच्या जमान्यातली गोष्ट. मस्कतला, कुरुम भागातल्या ऑफिसात, माझे साहेब अमेरिकन होते. रोज अमेरिकेतल्या, जुन्या नोंदी ठेवणाऱ्या चर्चना माझ्याकडून फॅक्स करवून घ्यायचे: अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा आमचे पूर्वज काय करत होते?

आमच्या वसईत एवढी चौकशी सोयरीक जुळवतानाच होते. मी हळूच विचारलं, "सर, लग्न मुलाचं की मुलीचं?"

"कुणाचंच नाही रे. मला जाणून घ्यायचंय, बस!"

शेवटी उत्तर आलं. पूर्वजाने घोडा चोरला होता आणि भर चौकात फटके खाल्ले होते.

मी म्हटलं, "सर, फाडून टाकतो. कुणाला कळायचं नाही."

त्यांनी तो कागद फ्रेम करून खुर्चीमागे टांगला आणि म्हणाले, "अंतोन, आता तुझं घराणं शोधू!"

मी हात जोडले. "सर, आधी पोरीचं लग्न होऊ द्या."