मग हल ना

…आणि बाप तिला म्हणतो काय, तर "मग हल ना." म्हणजे बघा, पंधरा वर्षांची पोर सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घामाघूम होऊन खोलीतून बाहेर येते, ओठ पांढरे पडलेत, सांगते की पप्पा, मी जागी होते, सगळं दिसत होतं, पण मला हलताच येत नव्हतं, आणि हा शिकलासवरलेला माणूस, इथे मस्कतात कुरुमला एवढ्या मोठ्या ऑफिसात पंपांचा इंजिनियर, पंप जरा वेगळा वाजला तर तासभर कान लावून बसणारा, तो पोटच्या पोरीला वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतो, "मग हल ना." पंपाचं ऐकायचं, पोरीचं नाही! मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, दार उघडं होतं, या कानांनी ऐकलंय.

तुम्हाला सांगते, लोकेश, म्हणजे पोरीचा बाप, माणूस वाईट नाही. त्याची बायको नंदाही नाही. मूळचे परभणीचे, बारा वर्षं झाली मस्कतला येऊन, आधी रुवीत होते, आता आमच्या वादी अदाईत. एकुलती एक मुलगी, मैत्री, दहावीला. आता या पोरीचा दिवस ऐका. पहाटे पाचला उठायचं, सहाला शाळेची व्हॅन, सव्वादोनला घरी, दोन घास खाल्ले की एसी लावून आडवं व्हायचं, साडेचारला ट्यूशन, मग अभ्यास, अंथरुणाला पाठ लागायला बारा वाजतात. इतक्या झोपेवर उंटसुद्धा चालायचा नाही हो!

आणि त्या दुपारच्या दोन तासांत हे सुरू झालं. डोळे उघडतात, छत दिसतं, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ऐकू येते, आई फोनवर बोलतेय त्यातला शब्दन् शब्द कळतो… आणि करंगळीसुद्धा हलत नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वजन. दाराशी कुणीतरी उभं आहे असं वाटतं. ओरडायला जावं तर आवाज घशातच. मिनिटभर असेल, पण ते मिनिट तिचं तिलाच माहीत. मग फट्कन सुटतं.

आता हे सांगायचं कसं? शाळेत दिवसभर इंग्रजी, घरी जेमतेम मराठी. नंदाला जाऊन म्हणाली, "मम्मी, कोणतरी माझ्या चेस्टवर बसतं." झालं. नंदानं त्यातलं 'कोणतरी' तेवढं ऐकलं, आधी खिडक्यांच्या कड्या तपासल्या, मग मोबाईल काढून घेतला. सगळं त्या मोबाईलमुळे! लोकेशनं 'बसतं' ऐकलं आणि त्याचं व्याख्यान सुरू, की आपण बुद्धाला मानणारी माणसं, आपल्या घरात भूतखेत चालणार नाही. अरे, भूत म्हणालं कोण? ती म्हणाली का? खालच्या मजल्यावरच्या वजीराभाभी, रत्नागिरीच्या, नवऱ्याचं हमरियाला दुकान आहे, त्यांनी सांगून पाठवलं की पोरीला उताणी झोपू देऊ नका, उताणं झोपलं की असं दाबतं. त्यावर लोकेश आणखी भडकला, म्हणे दाबतं म्हणजे कोण दाबतं, हे असलं माझ्या घरात नको. आणि खोटं कशाला बोलू, मीही मागे नव्हते. मी म्हटलं, राजमा कमी खा. सगळ्यांनी सगळं सांगितलं. मैत्रीला विचारलं का कुणी, की बाई, तुला नक्की काय होतं? नाही.

मग तिनं आपल्या डोक्यानं उपाय काढला. झोपलं की होतं ना, तर झोपायचंच नाही! खालच्या कॅफेटेरियातून करक चहा आणायचा, तो घट्ट, गोड, वेलचीचा, एका दुपारी तीन-तीन कप. बाल्कनीत जाऊन उभं राहायचं… सप्टेंबरच्या उन्हात, मस्कतच्या, समोरचा डोंगर तापून तव्यासारखा झालेला, त्याच्याकडे बघत. आम्ही म्हणायचो, काय अभ्यासू पोर, दुपारीसुद्धा झोपत नाही. म्हणायचो हो आम्ही असं! आणि तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिनं मला फार नंतर सांगितलं. तिला वाटत होतं आपलं डोकं फिरायला लागलंय. त्यात लोकेश फोनवर परभणीला बोलताना तिनं ऐकलं, 'असंच चाललं तर हिला तिकडेच पाठवतो, बारावीपर्यंत तिथेच राहू दे.' म्हणजे शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, सगळं गेलं, आणि कशासाठी, तर शरीर तिचं ऐकत नाही म्हणून. तिला विचारलं का, तुला जायचंय का म्हणून? छे.

आणि मग ती सहामाहीची परीक्षा आली. गणिताचा पेपर. आठ दिवसांची झोप डोळ्यांत. शेवटचा प्रश्न राहिला होता, पाच मिनिटं डोकं टेकवू म्हणून बाकावर गाल ठेवला… आणि तिथेच धरलं. डोळे उघडे. सुपरव्हायजर सर समोर येऊन उभे. म्हणाले, गेट अप. हिला ऐकू येतंय. सर म्हणाले, आय ॲम टॉकिंग टू यू. हिला तेही ऐकू येतंय, ती त्यांच्याकडे बघतेय, बघतच राहिलीय, आणि वर्ग हसायला लागलाय. तुम्हीच सांगा, सरांना काय वाटणार? त्यांना वाटलं ही आपल्याला डोळे वटारून दाखवतेय. त्यांनी पेपर काढून घेतला. शेवटी शेजारच्या हिबानं तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा सुटली, आणि सुटली ती मोठ्यानं रडतच. घरी चिठ्ठी आली, की तुमची मुलगी उद्धट आहे, शिक्षकांना उत्तर देत नाही, पालकांनी येऊन भेटावं. उद्धट! एवढी एक चिठ्ठी लिहिली, त्याआधी एक शब्द तिला विचारता आला नसता?

संध्याकाळी लोकेशनं चिठ्ठी वाचली आणि हाक मारली. मी वाटीभर साखर मागायला गेले होते, ती वाटी हातात घेऊन तशीच दारात थांबले. मला वाटलं आता पोरगी नेहमीसारखी खाली मान घालणार. तर ती सरळ बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पप्पा, मला सरांना सॉरी म्हणायचं होतं. माझं तोंड उघडत नव्हतं. मी खोटं नाही बोलत. तुम्ही पण नाही मानत, मग मी कोणाला सांगू?"

तिच्या तोंडून इतकं सलग मराठी मी आजवर ऐकलं नव्हतं. लोकेशनं ती चिठ्ठी घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा टाकली.

डॉक्टर अफशीन म्हणून आहेत, महाडकडच्या, मराठी बोलतात. नंदा मलाही बरोबर घेऊन गेली, धीराला. तिथे काय झालं असेल? डॉक्टरांनी विचारलं, काय होतं? नंदा बोलायला लागली. लोकेश बोलायला लागला. मीसुद्धा राजम्याचं काढलं. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुम्हा तिघांना होतं का? नाही ना? मग तिला सांगू द्या." मला तर उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं… आणि शरमही वाटली, ती वेगळी.

मैत्रीनं सांगितलं. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, पण सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, स्लीप पॅरालिसिस. ते ऐकून नंदाला रडूच फुटलं, कारण पॅरालिसिस म्हणजे तिचे सासरे, एक बाजू गेलेली, चार वर्षं अंथरुणाला. तिला समजवायलाच दहा मिनिटं गेली, की हा तो नव्हे. स्वप्नात आपण हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू अंगाला कुलूप घालतो, सगळ्यांनाच घालतो. कधी कधी माणूस आधी जागं होतं आणि कुलूप मागाहून उघडतं. जे दिसतं ते उरलेलं स्वप्न. जीवाला धोका नाही, डोकंबिकं फिरलेलं नाही, या वयात पुष्कळांना होतं, आणि झोप मोडली की जास्त होतं. झोपेची वेळ ठरवा, तो करक बंद. झालंच तर झगडायचं नाही, श्वास सावकाश घ्यायचा आणि पायाचा एक अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा. आणि शक्यतो उताणं झोपायचं नाही. म्हणजे वजीराभाभी बरोबर होत्या! लोकेशचा चेहरा बघायला हवा होता.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? नंदा म्हणाली नाही. लोकेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला.

परत येताना गाडीत, सिग्नलला, आपण होऊन म्हणाला, "मला व्हायचं. औरंगाबादला हॉस्टेलवर होतो तेव्हा. दोन वर्षं."

मागच्या सीटवरून मैत्रीनं विचारलं, पप्पा, मग मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, तू घाबरली असतीस.

"मी घाबरलेलीच होते," ती म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला तरी तो गाडी हलवेना, मागच्याचे हॉर्न सुरू झाले. माझ्या बाजूनं मला एवढंच दिसलं की त्यानं हात मागे केला आणि पोरीनं तो धरला. इतका संताप आला होता मला त्याचा, आणि तिथे सगळा विरघळून गेला.

शाळेला डॉक्टरांचं पत्र दिलं. पोरगी नीट झोपायला लागली. पंधरा दिवसांनी एकदा परत झालं, गुरुवारी, तर उठल्या उठल्या माझ्याकडे आली, मॅच जिंकल्यासारखी. आंटी, मी भांडले नाही, मनात वीसपर्यंत मोजलं, अंगठा हलला!

म्हणजे आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल ना तुम्हाला? ऐका. डॉक्टरांनी सांगितलंय पोरीला झोप हवी. म्हणून तीन वाजता नंदा दार उघडून बघते, उताणी तर नाही ना. सव्वातीनला लोकेशचा ऑफिसातून फोन, झोपली का? साडेतीनला वजीराभाभी बेल वाजवून विचारतात, आज काही दाबलं नाही ना? काल दुपारी मैत्री स्वतःची उशी काखेत घेऊन माझ्या दारात उभी. म्हणाली, "आंटी, तुमच्याकडे झोपू का? घरी सगळे माझ्या झोपेची काळजी घेतायत."

मी म्हटलं झोप बाई, निवांत झोप, इथे तुला कुणी उठवणार नाही. दार लावून घेतलं, टीव्ही बंद केला, फोन सायलेंटवर टाकला. आणि काय सांगू तुम्हाला… दहाव्या मिनिटाला दार ढकलून विचारलंच मी, "लागली का गं झोप?"