बिनचूक राजीनामा

बाणेदारपणाचं कौतुक मला नका सांगू! एकसष्ट साली जर्मनीत, एर्लांगेनच्या एका कारखान्यात मी डिझाइन इंजिनिअर होतो. एक दिवस साहेब म्हणाला, "उद्यापासून गोदामात काम, पगारही कमी." आपल्याकडे कुणी हाकलायच्या आत आपणच निघतो ना? तिथल्या तिथे राजीनामा खरडला. साहेबानं शेजारी बसून माझ्या जर्मनच्या चुकाही सुधारल्या. वाटलं, काय सज्जन माणूस!

मग आर्बाइट्सआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी रोजगार कचेरीत, बेकारभत्ता मागायला गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "नोकरी कुणी सोडली?"

"मीच!" मी ताठ मानेनं म्हणालो, गोदामाची हकीकत सांगितली आणि राजीनाम्याची प्रत पुढे केली.

"मग काही आठवडे भत्ता नाही. नुसतं 'नाही' म्हणून बसून राहिला असतात, तर त्यांनाच तुम्हाला काढावं लागलं असतं. भत्ता लगेच मिळाला असता."

बाईंनी राजीनामा फायलीत लावला आणि म्हणाल्या, "जर्मन मात्र अगदी बिनचूक लिहिता हं!"