देखाव्यातली सासू

धोंडुबाई : ते मला काय सांगू नको, बाळासो. आज रातच्या खेळाआधी माझा आवाज त्या गणपतीच्या देखाव्यातनं काढायचा. काढायचा म्हंजे काढायचा.

बाळासो : मावशी, चा तरी पिऊ द्या. आवाज म्हंजे काय भिंतीतला खिळा हाय, पक्कडीनं उपसला आन् खिशात टाकला?

धोंडुबाई : भरताना बरा घाईनं भरलास.

बाळासो : भरणारच की. तुमच्यासारखा आवाज उभ्या शाहूपुरीत न्हाय. तुम्ही दारातनं दूधवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली म्हस वळून बघती. म्हणून तर देखाव्यातली सासू तुम्हाला दिली. आपला ज्ञानू मिशा काढून, साडी नेसून स्टेजवर नुसतं तोंड हलवतोय, आन् स्पीकरमधनं तुम्ही बोलताय. लोकं म्हंत्यात, ज्ञानूच्या अंगात धोंडुबाई आली.

धोंडुबाई : तेच तर. साऱ्या गल्लीला कळतंय, मीच बोलतोय ते. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी.

वर्षाराणी : चहा घ्या, भावजी. आत्ती, तुमच्यात साखर कमी घातलीय.

धोंडुबाई : तू मधी बोलू नको. तुझ्यापायीच झालंय हे समदं.

वर्षाराणी : मी साखरेचं बोललो, आत्ती.

बाळासो : आता माझं ऐका. देखाव्याचा विषय काय? पंचगंगा. नदीत घाण टाकू नका. तीन महिनं डोकं खाजवलं मी. बांबू-कापडाची नदी केली, खालनं पंखं लावलं, लाट कशी उठती बघा. आन् लोकं काय बघत्यात? वर्षावहिनींचं कपाळ.

धोंडुबाई : बघणारच. नवरा गेलेली बाई हातभर हिरव्या बांगड्या घालून, रुपायाएवढं कुंकू लावून उभी ऱ्हायली, तर बघणार न्हाईत?

बाळासो : मी काय ठरवून केलं व्हय? काशीचं, म्हंजे देखाव्यातल्या सुनंचं काम अक्षता करणार होती. ऐन वक्ताला तिला कावीळ झाली. सगळं पाठ असलेली बाई एकच, तुमची सून. तुमच्यासंगं रोज तालमीला यायची न्हवं? आन् तुम्हीच म्हणाला, 'जा, देवाचं काम हाय, अडवू ने.'

धोंडुबाई : म्हणालो. पर खेळ संपला की दारातल्या नळावर कपाळ धुऊन मगच आत यायचं, ही अट घातली होती.

वर्षाराणी : आणि मी रोज धुतोय. एक दिवस चुकलो न्हाय.

धोंडुबाई : धुतीस की. मी कुठं न्हाय म्हंतोय. पर तू धुताना कृष्णातची बायको माडीवरनं बघती. काल चिमणाबाईनं मला भाजीच्या गाड्यापाशी गाठलं. म्हंती कशी, 'धोंडुबाई, स्पीकरवर एक बोलता आन् घरात दुसरंच करता व्हय?' पोरं मला बघितली की तेच वाक्य म्हंत्यात, माझ्यासारखा आवाज काढून. भाईर पडायची चोरी झालीया.

बाळासो : ते वाक्य काय मी लिहिलं न्हवतं, मावशी. मी लिहिलंवतं, 'सूनबाई, घागर घेऊन जा.' तिथंच फुलस्टॉप. फुडचं तुम्ही आपल्या मनानं घातलंय. रेकॉर्डिंगवाला थांबवायला निघालावता, मीच त्याचा हात धरला.

धोंडुबाई : तवा काशी म्हंजे अक्षता होती. सवाशीण पोरगी. तिला सासू जे म्हणंल, ते म्हणालो.

वर्षाराणी : भावजी, गोष्ट नुसती त्या वाक्याची न्हाय. उद्या मंडळाचं हळदीकुंकू हाय. चिमणाबाईंनी आणि गल्लीतल्या बायकांनी मला बोलावलंय. बघायला न्हवं, कुंकू लावून घ्यायला.

बाळासो : मग झ्याक झालं की.

धोंडुबाई : काय झ्याक? तू बाप्या माणूस, तुला काय कळतंय त्यातलं? देखावा येगळा आन् घर येगळं. देखाव्यातलं कुंकू गणपतीसंगं पाण्यात जातंय. आज ज्या टाळ्या वाजवत्यात, त्याच उद्या लेकीच्या लग्नात हिला मागच्या खुर्चीवर बसवतील. उद्या ही नटून गेली आन् एखादीनं ताट फुडनं नेलं, तर? परत घरी येऊन रडायला मी आन् हीच. मला हिला त्यात न्हाय ढकलायची.

बाळासो : म्हंजे तुम्हाला राग न्हाय आलेला.

धोंडुबाई : भ्या वाटतंय. म्हणालो, झालं?

वर्षाराणी : आत्ती, तुमचं मन मोडून मी जाणार न्हाय. तसं चिमणाबाईंना सांगितलंय. पण मला जायचं हाय, तेपण लपवत न्हाय.

धोंडुबाई : एवढं काय हाय त्यात?

वर्षाराणी : मी साडीच्या दुकानात काम करतो. नवरीचा शालू खांद्यावर टाकून दाखवायचा, हे माझं काम. हे गेल्यापास्नं गिऱ्हाईक आधी माझ्या कपाळाकडं बघतंय. मग मालकाला हळूच सांगतंय, दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला लावा. मी घडी घालून बाजूला होतो. चार वरसं हेच चाललंय. आणि परवा एक बाई आली. म्हणाली, 'तुम्हीच काशी न्हवं? माझ्या पोरीचा शालू तुमच्याच हातनं दाखवा.' कपाळ मोकळंच होतं माझं. तरी म्हणाली. लई बरं वाटलं मला, आत्ती. दुकानाच्या मागं जाऊन रडून घेतलं.

धोंडुबाई : हे मला का सांगितलं न्हाईस?

वर्षाराणी : तुम्ही आधीच लेकासाठी, अमरसाठी रडता, त्यात माझी भर कशाला?

बाळासो : ...बरं, मावशी. मला दुकान उघडायचं हाय. कापतो मी तुमचं वाक्य. फाईल मोबाईलवर हाय. कुठनं कुठवर कापायचं तेवढं दाखवा.

धोंडुबाई : मला न्हाय ऐकायचं.

बाळासो : रोज रात्री ऐकताच की.

धोंडुबाई : कुठलं ऐकतोय? खेळ सुरू झाला की मी दार लावून टीव्ही मोठा करतोय.

बाळासो : म्हंजे गारगोटीपास्नं पावणं टेम्पो करून येत्यात, आन् ज्या बाईसाठी येत्यात तिनंच एकदापण ऐकलं न्हाय? थांबा, लावतोच.

(बाळासो मोबाईल लावतो. आधी पाण्याचा खळखळाट, मग धोंडुबाईचा आवाज : "सूनबाई, घागर घेऊन जा. आन् थांब. अशी मोकळ्या कपाळानं उंबरा ओलांडू नको, माझे बाई. मी हाय की अजून. कोण काय म्हंतंय, बघतो मी.")

धोंडुबाई : ...ही मी हाय?

वर्षाराणी : तुम्हीच, आत्ती.

धोंडुबाई : एवढं मऊ बोललो व्हय मी?

बाळासो : म्हणून तर कापवंना मला. ह्या वाक्याला ज्ञानू वहिनींच्या कपाळाला कुंकू लावतोय, आन् म्होरं बसलेल्या बाया पदर डोळ्याला लावत्यात. माझ्या नदीचं कुणी नाव काढंना. काल दोघं देखावा बघून, नारळाचा प्रसाद खाऊन गेलं, आन् जाता जाता निर्माल्याची पिशवी पुलावरनंच भिरकावली. नेम धरला मी नदीवर, लागला भलतीकडंच.

धोंडुबाई : गप जरा. वर्षा, हिकडं बस. तुझा सासरा गेला तवा अमर अंगावर पीत होता. म्हयना दोन म्हयन्यानं माझ्या भनीचं लगीन होतं, पन्हाळ्याला. मी पोराला घेऊन निघालो. सासू उठून दारात आली. मला वाटलं, कायतरी बोलंल. ती म्हणाली, 'मागच्या दारानं जा, म्होरं सोप्यात पावणं बसल्यात.'

वर्षाराणी : एवढंच?

धोंडुबाई : एवढंच. वाईट न्हवती गं ती. तिलाबी कुणीतरी तसंच धाडलं असंल. पर मी साऱ्या वाटंला एकच इचार करत गेलो, की हिनं आज काय म्हणायला पायजे होतं. ते त्या रेकॉर्डिंगच्या काचंच्या खोलीत तोंडातनं भाईर पडलं बघ. अक्षताला न्हवतं ते. माझं मलाच म्हणालो मी.

बाळासो : मावशी, मग कापू का ठेवू?

धोंडुबाई : ऱ्हाऊ दे.

बाळासो : आन् माझी नदी?

धोंडुबाई : नदीचं फुडल्या वर्साला बघ. फुडल्या वर्साला नदीचा आवाज मलाच दे. 'टाक की पिशवी, टाक. तुझ्या आज्याला वळखतोय मी,' असं पुलाखालनं वरडतो. बघू कोण टाकतंय.

बाळासो : अगं आई गं. हे का सुचलं न्हाय मला? तीन महिनं लाटा हलवत बसलो.

वर्षाराणी : आत्ती, मग उद्या?

धोंडुबाई : उद्या जा. मोरपंखी नेस, ती तुला शोभती. जाताना सोप्यातनं जा.

वर्षाराणी : मी एकटी न्हाय जाणार. तुम्हीबी यायचं.

धोंडुबाई : मी कशाला? म्हातारीला चळ लागला म्हणतील लोकं.

वर्षाराणी : म्हणू द्यात की. मी हाय न्हवं संगं?

बाळासो : वहिनी, हे बोलणं जरा मोठ्यानं परत बोला, रेकॉर्ड करतो.

धोंडुबाई : मोबाईल खिशात घाल, न्हायतर चा काढून घीन हातातला. आन् वर्षा, ती कुंकवाची डबी कशाला काढलीस पर्समधनं? हळदीकुंकू उद्या हाय न्हवं?

वर्षाराणी : उद्या चारचौघींत तुमचा हात आडवा येईल. म्हणून आज तालीम.

धोंडुबाई : बाळासो, तू तिकडं तोंड कर.

बाळासो : केलं, मावशी.

धोंडुबाई : डोळं मिटायचं असत्यात का उघडं ठिवायचं, गं? इसरलो मी.