एका बदामाची वाट

नाही हो जाहिदाआपा, फसवत नाहीये — तुमच्याशी फसवून खेळताच येत नाही! समोरची घाबरून पत्ते टाकणार असेल तर थाप मारण्यात मजा. तुम्ही आणि आमच्या सासूबाई, दोघींनी आजवर एकदा तरी पत्ते टाकलेत? नाही. स्वतःहून कधी वाढवलंत? तेही नाही. मी दोन खारका ठेवल्या की तुमच्या दोन, मी चार ठेवल्या की तुमच्या चार — 'बघू तरी काय निघतं.' तीन पत्तीची सवय! पोकर शिकवताना दीर म्हणालाच होता, वहिनी, अशा लोकांपुढे अर्धवट हात घेऊन गप बसायचं, स्वस्तात वाट बघायची. लागला तर भरभरून लावायचं, नाही लागला तर निमूट सोडायचं. थापा बंद. आता वाट बघण्यात माझा हात कोण धरणार?

खारका का म्हणता? चिंचोके होते की आधी. लेकीनं, रुद्राणीनं एखादा नाकात घातला तर? नाही घातला, पण घातला असता तर? खारीक नाकात जात नाही, मी मोजून बघितलंय — हसा तुम्ही. सासूबाईंचं मात्र बरं झालं. लावायच्या सगळ्या खारका खाऊन टाकल्या आणि खेळातून बाद. बघा कशा घोरून राहिल्या.

तर आता आपण दोघीच. शेवटचं पान राहिलं. हातात माझे दोन बदाम, मधल्या चारांत दोन, अजून एक आला की रंग जमला — अगं बाई. सांगून बसले. जाऊ द्या, तुम्ही कुठे पत्ते टाकणार आहात! तेरातले चार दिसले, नऊ उरले, न दिसलेली पानं सेहेचाळीस. म्हणजे पाचात एकदा. बीएस्सीला संख्याशास्त्र होतं माझं. उपयोग हा असा.

आणि जिंकले तर रविवार माझा. ठरलंय ना — जिंकणारीला एक रविवार मोकळा, बाकीच्यांनी तिचं घर बघायचं. काय करणार म्हणता? नांदेडला जाईन. अशीच. म्हणजे — परीक्षा आहे, शिक्षकाची. प्रवेशपत्र रव्याच्या डब्याखाली आहे, महिना झाला. सासूबाईंना विचारलं असतं तर 'बघू' म्हणाल्या असत्या. नाही म्हणत नाहीत त्या, तीच तर अडचण. नाही म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

पण लातूरहून पहाटे निघायचं, परत यायला रात्र. रुद्राणी माझ्याशिवाय जेवत नाही. झोपत नाही. ताप आला तर? मी पडले तर? — परीक्षेत हो, गाडीतून नाही. तीन वर्षांत पुस्तक उघडलं ते तिला चित्रं दाखवायला. खरं सांगू? बदाम आला नाही तर बरंच. मग कुणी म्हणणार नाही की शिल्पा घाबरली. पानच आलं नाही, बिचारी काय करणार!

उलटा. उलटा तुम्हीच ते पान.

इस्पिक.

संपलं. बघा, म्हटलं नव्हतं? माझ्याकडे काही नाही, साधी जोडीसुद्धा नाही. मी काही लावत नाही, दाखवा तुमचे — अहो, हे काय? टाकले? मी एक खारीकही वाढवली नाही आणि तुम्ही टाकले? थांबा, हे पान उताणं पडलंय — राणी. आणि दुसरीही राणी! आपा, जोडी होती तुमची! जिंकलेल्या होतात तुम्ही! असं नसतं हो खेळात, जिंकणारा हात कुणी टाकतं का? उचला. उचला म्हणते ना. ढीग माझ्याकडे सरकवू नका, मी घेणार नाही —

काय? किती वाजता?

साडेपाचची गाडी आहे.

वरणात हिंग चालत नाही तिला. भाताला तूप लागतं. आणि झोपताना कान धरते, आपला, तिचा नाही… बाकी काही नाही. तुमच्याकडे ती सगळं खाते, आपा. अंडंसुद्धा. मला माहीत होतं ते.