अंथरलेली ज्वारी

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंप्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. कान मात्र उघडेच होते. शेजारच्या बाकावर दोन बहिणी बोलत होत्या.

"ताई, हल्ली खुरपणीला जात नाहीस?"

"तणच नाही, तर खुरपू काय? मालकिणीनं ज्वारी कापली आणि तिथंच अंथरली. धाटांतून कसलासा रस मातीत उतरतो. तणाचं बी आतल्या आत गुदमरतं."

"आणि पीक?"

"टोमॅटोची मोठी रोपं लावली, ती तरारली. गाजराचं बारीक बी पेरलं, ते मात्र गेलं. ज्वारीला आपलं-परकं कळत नाही."

"तुझं काम घेतलं की गं त्या ज्वारीनं."

"घेतलं. पण मानलं बाई तिला. मी जन्मभर वाकून वाकून जे केलं, ते तिनं पडल्या पडल्या केलं."

"मग घरी करतेस काय?"

"परसात मीही धाटं अंथरलीत. खुर्ची टाकून बघत बसते. हात नुसते शिवशिवतात. काल एक तण उगवलं."

"उपटलं असशील लगेच."

"गेले होते खुरपं घेऊन. पण एवढ्यातून वर आलेलं ते. तांब्याभर पाणी घालून परत आले."