डोळे वटारलेली म्हातारी

शिळफाट्याला एसटीची वाट बघत बसलो होतो. बाकड्यावर शेजारी ठाकरवाडीच्या चित्रकार सोमीताई आणि त्यांचं प्रदर्शन भरवणारी सुरभी. चित्र दोघींच्या मांडीवर आडवं.

“सोमीताई, डोंगरावर ही म्हातारी डोळे वटारून का बसलीय?”

“ती जमीन हाय.”

“म्हणजे धरतीमाता. खाली पाटीवर तसंच लिहिते.”

“माता नको लिवू गं. सासू लिव.”

“लोक हसतील हो. बाईचं आणि निसर्गाचं नातं मायेचं असतं.”

“आईकडं जेवलीस की ताट उचलतेस?”

“नाही.”

“आन् सासूकडं?”

“लगेच घासून ठेवते.”

“मंग? आई म्हटलं की समदे खरकटं टाकून निघून जातात. आमच्या वाडीत नवी रानभाजी निघाली की पयली हिला वाढतो, मंग आमी खातो. आईला पयलं कोण वाढतं?”

“पण सासू म्हणजे नुसता धाक.”

“धाक हाय म्हणून रान हाय.”

“बरं, सासू लिहिते. चला, एसटी आली.”

“थांब. वडापावचा कागद बाकड्याखाली टाकलास, तो उचल. सासू बघतेय.”

मीही बाकड्याखाली टाकलेला माझा चहाचा कागदी कप हळूच उचलला.